बाईंचं राहिलेलं लँडिंग

आता विमानं आमच्या गच्चीवरून दिसायला लागलीत आणि त्यांना नावं ठेवायला बाई नाहीत. कपडे वाळत घालता घालता मी मान वर करते. एखादं पांढरं धूड सावकाश खाली येत असतं, पोटाखाली चाकं काढलेली असतात, आणि मी आपली वाट बघत राहते की आता शेजारून खणखणीत आवाज येईल, "हॅ! याला काय अक्कल लागते? पुढं चाक दिलंय, आपोआप सरळ जातं. शेपटीवर बसवून दाखव म्हणावं!" मी चिमटे लावते आणि खाली येते.

इथला नवा विमानतळ सुरू व्हायच्या आधीच बाई गेल्या. डोंगर फोडताना त्यांनी पाहिला, भराव पडताना पाहिला, "यंदा होणार म्हणतात गं अकरा," हे दरवर्षी ऐकवलं, आणि ऐन वेळेला निघून गेल्या. जन्मात कधी कशाची घाई केली नाही या बाईनं, ती तेवढी तिथं केली. मला अजून राग येतो त्याचा.

अकरा म्हणजे मी. बाई कामोठ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शिकायला आलेल्या माणसाचं नाव त्यांच्या डोक्यात टिकायचं नाही, पण गाव मात्र पहिल्या झटक्यात विचारायच्या आणि त्या जिल्ह्याच्या गाड्यांच्या पाटीवर जो आकडा असतो तो त्याला चिकटवून मोकळ्या व्हायच्या. कामोठ्यात निम्मी वस्ती घाटावरची. सातारचं ते अकरा, सांगलीचं दहा, कोल्हापूरचं नऊ, आणि इथले मूळचे आगरी लोक म्हणजे पनवेलचे शेहेचाळीस. "दहा, आरसा बघ." "नऊ, हॉर्न कशाला मारतोस? रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय?" एकदा एकाच बॅचला तीन सातारकर आले तेव्हा घोटाळा झाला, मग मी 'जुनी अकरा' झाले. गाडी शिकायला म्हणून गेले होते, ती तिथंच शिकवायला राहिले. नवरा म्हणाला, "तुला क्लच शिकायला पाठवली होती, तू नोकरीच घेऊन आलीस."

सत्तरी ओलांडलेली बाई. केस बारीक कापलेले, अंगात पुरुषी सदरा, आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या बुटांचे तळवे त्या घरी दगडावर घासून घासून पातळ करायच्या. नवे बूट आणले की पहिले दोन दिवस हाच उद्योग. "पायाला दिसलं पाहिजे," म्हणायच्या. शिकणाऱ्यांना चपला काढून बसायला लावायच्या, मग तो एमआयडीसीतला मॅनेजर असो नाहीतर नवी सून. आणि स्वतःचे पाय म्हणाल तर सारखे चालू. बसल्या जागी डावा, उजवा, डावा, उजवा, बारीक बारीक, शिवणयंत्र चालवल्यासारखे. जेवताना चालू, टीव्ही बघताना चालू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलेलं आणि टेबलाखाली बाईंचे पाय चालू. आमच्या शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन एका मेंदूच्या डॉक्टरचं नाव सुचवलं होतं. मी म्हटलं, काकू, तुमचं तोंड चालतं त्याला कोणी डॉक्टर सुचवलाय का? चुकलंच माझं, पण बाईंबद्दल कोणी काही बोललं की माझं डोकं फिरायचं.

बोलायचे तसे सगळेच. कारण बाई कोणाला नमस्कार करायच्या नाहीत. हात म्हणून जोडायच्या नाहीत. गणपतीत आरतीला यायच्या, टाळ्या वाजवायच्या, आणि शेवटी सगळे हात जोडून डोळे मिटायचे तेव्हा ह्या मांडीला हात चिकटवून ताठ उभ्या. एकदा नगरसेवक आले, दोन्ही हात जोडून वाकले, बाईंनी मान हलवून "हं, बसा" म्हटलं. त्या दिवसापासून सोसायटीत एकमत झालं, बाईला माज आहे. एकटी राहते ना, म्हणून. विमानं चालवली ना कधीतरी, म्हणून.

हो, चालवली होती. तरुणपणी घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात बाई शिकवायच्या. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं लँडिंग बघायची खोड त्यांना तिथनं लागली होती. रिक्षा थांबली की मार्क. कावळा एसीच्या डब्यावर येऊन बसला की मार्क. "बघ, कसा वाऱ्याला तोंड देऊन आला. त्याला कोणी शिकवलं नाही." कबुतरांवर मात्र दात. "फडफड फडफड, नुसता आरडाओरडा, आणि बसतात कुठं तर जिथं जागा नाही तिथं." एका लग्नात नवरी स्टेजच्या शेवटच्या पायरीवर अडखळली, तर बाई भर मांडवात मला म्हणतात, "पाय झोपला तिचा. पोचलो असं वाटलं की झोपतो."

पोचलो हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शिकणारा गाडी लावून हुश्श करायचा, "झालं बाई, लागली." "काय लागली? इंजिन चालू आहे, हँडब्रेक खाली आहे, चाक वाकडं आहे. थांबेपर्यंत काहीही लागत नाही. वरून खाली येणं कोणालाही जमतं रे, दगडालाही जमतं."

शेपटीला चाक म्हणजे एवढं काय अवघड, असं मी एकदा विचारून बसले. नको तिथं विचारलं. आम्ही सुपरमार्केटात होतो. बाईंनी माझ्या हातातली ट्रॉली काढून घेतली, आतलं सामान काढून तांदळाची गोण पार तोंडाशी ठेवली, आणि ट्रॉली उलटी फिरवली. म्हणजे दांडा पुढं आणि तोंड मागं. "बघ, सरळ धावणारी चाकं आता पुढं आहेत. गरागरा फिरणारी मागं. आणि वजनही मागं. हे झालं जुनं विमान." आणि दिली ढकलून. ट्रॉली हातभर सरळ गेली, मग किंचित वळली, आणि मग एकदम काय अंगात आलं कुणास ठाऊक, मागची बाजू गर्रकन पुढं आली आणि गोणीसकट साबणाच्या पुड्यांच्या ढिगात घुसली. सगळा ढीग खाली. "पाहिलंस? नाक जरा हललं की मागचं वजन म्हणतं, मीच पुढं जाणार. त्याला तेवढी फट द्यायची नाही. जमिनीवर विमान पायांनीच वळवतात, म्हणून ते हलते ठेवायचे, विमान अगदी उभं राहीपर्यंत." मॅनेजर धावत आला. "मॅडम, पण ट्रॉली उलटी चालवायचीच कशाला?" बाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. "शाबास! अख्ख्या जगानं हाच प्रश्न विचारला, आणि पुढं चाक लावून टाकलं. तेव्हापासून मजा गेली."

साबण मी गोळा केले. दुसरं कोण करणार?

नमस्काराचं मला जासईला कळलं. शिकाऊ लोकांची ट्रेलरची भीती जावी म्हणून बाई त्यांना जासईच्या बाजूला न्यायच्या. तिथं कंटेनरची यार्डं, एकामागोमाग एक ट्रेलर, माणूस घामानं निथळून निघतो. दुपारी आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याची आई, म्हातारी, गावातलीच. तिनं उठून बाईंना खुर्ची दिली, "बस गो बाय," म्हणाली आणि हात जोडले. बाईंनी मान हलवली, बस्स. मला राहवलं नाही. परत येताना गाडीत मी फाडकन बोलले, "एवढी म्हातारी बाई हात जोडते आणि तुमचे हात काय झिजतात का हो?"

बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मला वाटलं, आता आपली हकालपट्टी. पण त्या समोर बघत शांतपणे बोलायला लागल्या.

त्यांच्या क्लबात तीन पुष्पक होती. पुष्पक म्हणजे आपल्याकडचंच जुनं छोटं विमान, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं, नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड ताणलेलं. शेपटीला छोटं चाक. जमिनीवर असलं की नाक आभाळाकडे, समोरचं काही दिसत नाही. तिन्हीतलं एक उतरताना नाकावर उभं राहिलं आणि गेलं. दुसऱ्याचा चाकाचा पाय मोडला. राहिलं एक. ज्या सरांनी बाईंना शिकवलं ते तोवर निवृत्त झालेले. फार कडक माणूस. त्यांनी बाईंना आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. एका संध्याकाळी ते मुद्दाम गावाहून एसटीनं आले, पोरगी कशी उडवते बघायला.

"अगं, काय उतरले मी त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "तिन्ही चाकं एकदम. कळलंसुद्धा नाही कधी टेकली. मग वेग कमी होत गेला, पळणाऱ्या माणसानं गाठावं इतकं हळू झालं विमान. आणि शेडसमोर सर उभे दिसले. कपाळावर हात आडवा धरून बघत होते. माझ्याकडे. मी नमस्कार केला."

मला आधी कळलंच नाही.

"दोन्ही हात जोडले गं. गुरू समोर दिसल्यावर जोडले जातातच. आणि नमस्कार काय नुसता हातांनी करतो आपण? सगळं अंग करतं. पायही थांबले. एवढंच झालं."

विमान गर्रकन फिरलं, एक पाय दुमडला, पंख जमिनीत घुसला. बाईंना खरचटलंही नाही. माणसं धावली ती पंखाकडे. सर चालत आले, विमानाभोवती एक फेरी मारली, फाटलेल्या कापडाला हात लावला, बाईंकडे एकदा पाहिलं आणि एसटी गाठायला निघून गेले. पुढं कधी भेटही झाली नाही. क्लबात विमानच उरलं नाही, तर शिकवणार कशावर? बाई भावाकडे मुंबईत आल्या, तिथून खाडी ओलांडून कामोठ्यात, आणि माणसांना क्लच-ब्रेक शिकवायला लागल्या.

"विमानाचं मी मनातून काढून टाकलंय," त्या म्हणाल्या. "माणसानं केलेली वस्तू, कधीतरी मोडणारच. पण अकरा, मी उतरले होते गं. आधी चांगली उतरले होते. ते कोणाच्या लक्षातच नाही. मला एकदा, एकदाच, शेपटीच्या विमानात नीट उतरायचंय. मग मेले तरी चालेल."

"मरायचं काय मधेच?" मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि बाईंना रडकी माणसं आवडत नसत.

सत्तरीच्या बाईला असलं विमान कोण आणून देणार? मी नवस बोलायचे तेवढे बोलले, पण मनातून धरूनच चालले होते की हे काही होत नाही. आणि मग एक शेहेचाळीस शिकायला आली. जासईकडची सून, चांगली धीट. कळंबोलीच्या सर्कलला शिरताना बाईंनी सहज विचारलं, मालक काय करतात? ती म्हणाली, "तळोज्याला टाक्या बनवायचा कारखाना हाय. पन लक्ष कुटं त्यात? एक जुनं विमान आनून ठेवलंय, तेच नीट करत बसतात." बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक असा दाबला की मागं मागं नुसती बोंबाबोंब. रिक्षावाले आई-बहीण काढायला लागले. बाई ढिम्म. "शेपटीला चाक आहे का त्याच्या?" "मना काय म्हाईत बाई!" "डावीकडे घे. तळोजा." शिकाऊ पाटी लावलेली गाडी, त्या पोरीचा चौथा-पाचवा दिवस, मागच्या सीटवर मी देवाचं नाव घेतेय, असे आम्ही तळोज्याला पोचलो. पोचलो म्हणजे गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा.

चाळिशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस होता तिचा नवरा. जमिनी यार्डांना गेल्यावर गावात कोणी बंगला बांधला, कोणी शर्यतीचे बैल घेतले. यानं कुठल्याशा गोदामातलं मोडकं पुष्पक उचलून आणलं. गावात त्याला सगळे वेड्यात काढायचे. केमिकलच्या वासानं नाक जळतं त्या भागात, पण ह्याच्या गाळ्यात वेगळाच वास होता, नेलपॉलिशसारखा. कापड ताठ व्हावं म्हणून त्यावर रोगण मारतात, त्याचा. बाई दारातच थांबल्या. नुसता वास घेत उभ्या. मग आत गेल्या, पंखाच्या कापडावर बोटानं टिचकी मारली, हलगीसारखा टणत्कार आला. "कोणी शिवलंय?" "मीच, मॅडम." "बाई म्हण. टाके उसवून परत घाल इथले. घाई केलीस."

त्या दिवसापासून ड्रायव्हिंग स्कूल माझ्या गळ्यात पडलं आणि बाई तळोज्याला. त्याच्याकडे विमान उडवायचं लायसन होतं, पण शिकला होता तो पुढं चाकवाल्या नव्या विमानावर. "तुझे पाय मेलेत," बाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. गाळ्यात उभ्या विमानात त्याला बसवायच्या, शेजारी स्वतः, आणि तासन् तास पायांची शिकवणी. मी डबा घेऊन जायचे तर आतून ओरडणं ऐकू यायचं, "वारा डावीकडून! झोपलास! मेलास! परत!" तो बिचारा घामाघूम होऊन बाहेर यायचा. "बाईनी आज तीन वेळा मारलं मना," असं बायकोला कौतुकानं सांगायचा. कामगार हसायचे. चहा यायचा. बाई इतक्या हसताना मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

सगळे कागद व्हायला फार वेळ लागला. तपासण्या, सह्या, परत तपासण्या. दरम्यान बाईंचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, जपा, फार दिवसांची खात्री देत नाही. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. "त्याला सांगू नको," म्हणाल्या. "नाहीतर घाई करेल, आणि घाईनं उतरणारा माणूस मला शेजारी नको." मी सांगितलं नाही. पण रोज त्याला फोन करून "झालं का, झालं का" विचारून भंडावून सोडलं, ते सोडलंच.

शेवटी झालं. बाईंच्याच जुन्या क्लबाच्या धावपट्टीवर उडवायची परवानगी मिळाली. क्लब कधीच बंद पडलेला, पट्टी तेवढी शिल्लक. विमान ट्रकनं नेलं, तिथं जोडलं, जाणत्या माणसाकडून चाचणी करून घेतली. आणि त्यानं बाईंना निरोप धाडला, "या. उतरवायचं तुमी. कागदावर मी असेन, पन चालवायच्या काठीला हात लावनार नाय."

पहाटे कामोठ्यातून निघालो. गाडी मी चालवत होते. बाई घाटात एकदाही माझ्यावर ओरडल्या नाहीत, त्यावरनं समजा. काही खाल्लं नाही. "हलकं असावं," म्हणाल्या. धावपट्टीवर शेळ्या होत्या, त्या एका पोलिसानं हाकलल्या. कडेनं वाळकं गवत, टोकाला बाभळी. बाईंनी शेडची जागा मला दाखवली. शेड नव्हती, नुसता ओटा होता. "सर तिथं उभे होते." मी म्हटलं, "आज मी उभी राहते तिथं. आणि खबरदार नमस्कार केलात तर!" हसल्या. माझ्या गालाला हात लावला त्यांनी. असं कधी करायच्या नाहीत.

वारा जरासा आडवा होता. तो म्हणाला, "बाई, आधी मी एक फेरी मारून वारा बघून येतो. मग तुमाला घेतो." बरोबरच बोलला. बाईही म्हणाल्या, बरोबर आहे.

उठलं ते विमान, लाल-पांढरं, एवढंसं, आवाज लुनासारखा. त्यानं गोल फेरी मारली आणि बाभळींवरून खाली आला. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. "छान," म्हणाल्या. "छान आहे. धर. धरून ठेव. आता..." आणि टेकलं. मला तर कळलंही नाही कधी. बाईंच्या तोंडून नुसता श्वास सुटला. विमान गवताच्या कडेनं हळूहळू होत आमच्याकडे यायला लागलं, आतला माणूस हसतोय तेही दिसायला लागलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. माझ्या ओढणीचं टोक उडालं, इतकीच. "पाय," बाई म्हणाल्या. मग ओरडल्या, "पाय! अरे पाय!"

कुत्रं शेपूट धरायला फिरतं तसं ते फिरलं. काडकन आवाज झाला, एका बाजूला खाली बसलं, पंखाचं टोक मातीत. धूळ उडाली आणि इंजिन बंद पडलं. मग इतकी शांतता झाली की शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

मी पंखाकडे धावले. कबूल करते, पंखाकडेच. त्या कापडाला पडलेली फट बघितली आणि मला कळलं की संपलं. हे आता परत उभं राहायला वर्ष जाणार, आणि बाईंकडे वर्ष नव्हतं. देवाला मी तिथल्या तिथं काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मागं वळून बघते तर बाई पंखाकडे आल्याच नव्हत्या. त्या दुसऱ्या बाजूनं, वर राहिलेल्या दाराकडे गेल्या होत्या.

"लागलंय कुठं?" त्यानं मान हलवली, नाही. "स्विच बंद केलास? पेट्रोल?" त्यानं हातानं दाखवलं. तो उतरायला तयार नव्हता. एवढा मोठा माणूस, तोंड वेडंवाकडं करून रडत होता. "बाई, तुमचं लँडिंग... मी तुमचं लँडिंग घालवलं वो..."

"सरक," बाई म्हणाल्या.

त्या वयात, त्या हृदयानं, बाई त्या तिरक्या विमानात चढल्या. मी खालून आधार दिला, देताना शिव्याही दिल्या. त्या त्याच्या शेजारी बसल्या, पट्टा बांधला, मान मागं टेकली आणि डोळे मिटले. चेहरा पांढराफटक पडला होता. मी दाराशी नळी धरून उभी राहिले, म्हटलं, आता इथंच काही होतंय की काय.

"सांग," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"कसा उतरलास ते. वळून पट्टीसमोर आलास, तिथून सांग. घाई करायची नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा.

"वळलो," तो नाक पुसत म्हणाला. "पट्टी दिसली. इंजिन कमी केलं."

"मग आवाज?"

"वाऱ्याचाच. नुसता सूं सूं."

"हं. झाडं?"

"बाभली. त्यांच्यावरून आलो. जरा वर होतो."

"बाभळी माझ्या वेळेला नव्हत्या. चालेल. पुढं."

"मग जमीन वर यायला लागली. काठी मागं घेत गेलो. नाक वर आलं, पुढचं दिसायचं बंद झालं."

"दिसत नाहीच. बाजूला बघायचं. काय दिसलं?"

"गवत, बाई. पिवलं गवत. पळत होतं." त्याचा आवाज जरा सरळ झाला होता. "धरून ठेवलं. तुमी सांगितलं तसं, उतरूच द्यायचं नाय, उतरूच द्यायचं नाय म्हनत धरून ठेवलं. आनि मग... कललंच नाय कवा टेकलं. तिन्ही चाकं एकदम. खालून खडखड ऐकू आली तवा समजलं, टेकलो."

बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"आनि मग उजवीकडून वारा..." तो म्हणाला.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "परत सांग. झाडांपासून."